मुद्दल आणि मुळं

आमच्या सोसायटीत एक भाऊकाका आहेत; तुमच्याही असतील. बँकेतून निवृत्त, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी फांद्या छाटायचं सिकेटर. लग्नाला गेले की आधी कार्यालयाच्या मागच्या आवाराचं दर्शन, मग वधूवरांचं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि काका दिसेनात, तर काकू शांतपणे सांगतात, "कुंपणाशी बघा." काका तिथं एका फांदीसाठी माळ्याला पटवत असतात.

गुलाब-जास्वंदीच्या फांद्या लावणाऱ्यांना ते खिजगणतीत धरत नाहीत. त्यांना हवा सीता अशोक, टेटू, गुग्गुळ. सालीपायी, मुळांपायी, डिंकापायी माणसानं संपवत आणलेली झाडं. फाटकाजवळच्या उंच, निमुळत्या झाडांना कुणी 'अशोक' म्हटलं की काका लिफ्टचं दार धरून ठेवतात. "तो आसुपालव! खऱ्या अशोकाला केशरी घोस येतात. सालीत भेसळ करतात ती या तोतयाची!"

गॅलरीत दुधाच्या पिशव्यांत वाळू, त्यावर बूड कापलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि कुल्फीच्या काड्यांवर नाव, तारीख, गाव. फांदी डोळ्याच्या जरा खाली तिरकी कापायची, पानं अर्धी छाटायची, बूड मुळं फुटायच्या पावडरीत टेकवायचं. ही पावडर फ्रिजमध्ये, हिंगाच्या जुन्या डबीत. एकदा पाहुण्यांच्या आमटीत ती पडता पडता राहिली. तेव्हापासून डबीवर काकूंच्या नेलपॉलिशनं लिहिलंय : 'यांचं'.

फांदीला पालवी फुटली की आपण हरखतो. काका ढिम्म. "फसू नका. आतलं साठवलेलं संपवून पानं काढतेय ती, मुद्दल खातेय. मुळं आली की व्याज सुरू." नातवानं एकदा मुळं आलीत का ते उपटून पाहिलं. काका ओरडले नाहीत. दोन दिवस त्याला 'अहो' म्हणाले.

दहा फांद्या जगल्या तरी समाधान नाहीच. "हे एकच झाड दहा वेळा! एकाला रोग लागला की सगळी गारद." म्हणून दुसऱ्या गावच्या अशोकासाठी पुन्हा एसटी. जंगलात मात्र सिकेटर पिशवीबाहेर काढायचं नाही; फांदी घ्यायची ती कुणी लावलेल्या झाडाचीच, तीही मालकाला विचारून. या बाबतीत काका सोवळे आहेत.

बिवळ्यानं मात्र त्यांना अजून दाद दिलेली नाही. फांदीतून मूळ फुटायला तो महाहट्टी. कुणी मधुमेही कौतुकानं बिवळ्याच्या लाकडाचा पेला दाखवू लागला, त्यातलं निळसर झाक मारणारं पाणी दाखवू लागला, की काका म्हणतात, "पेला राहू द्या. झाड कुठलं, ते सांगा."

रोपं फुकट, पण केवायसी कडक. जागा, पाणी, शेजारच्यांच्या शेळ्या, सगळं वहीत. त्यानंतर वसुली. तिसऱ्या मजल्यावरच्या सरांनी गुग्गुळ नेला. आययूसीएनच्या यादीत अतिसंकटग्रस्त असलेलं झाड म्हणून सरांनी त्याला मायेनं रोज तांब्याभर पाणी घातलं. कच्छ-राजस्थानच्या कोरड्या जमिनीतलं झाड ते, बुडाशी कुजलं. काका आले, चिमटीत माती घेतली, वास घेतला, वहीत 'बुडीत' लिहिलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नवं रोप. या खेपेला सही सरांची, आणि जामीन म्हणून वहिनींची.