ठोकळ्याचे स्नान आणि रस्त्याची तहान

महापालिका, लोकनिर्माण खाते अथवा तत्सम कोणत्याही कचेरीच्या कारभाराविषयी तक्रार करणे हा आमचा स्वभाव नाही. कारण तक्रारीसाठी जी एक किमान अपेक्षा मनाशी बाळगावी लागते, ती भोपाळच्या उत्तर अंगास, करोंदच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर बिऱ्हाड थाटलेल्या माणसाच्या ठिकाणी काही पावसाळ्यांतच निःशेष होऊन जाते. सन १७३७च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामाला ह्याच भोपाळात कोंडले, त्याची रसद तोडली आणि पुढच्या जानेवारीत दोराह्याच्या मुक्कामी त्याच्याकडून तह लिहून घेतला, त्यास केवढी फौज आणि केवढी यातायात लागली असेल, ह्याची कल्पना करावी. आज तोच निजाम सायंकाळी सहाच्या सुमारास धान्यमंडीकडून करोंद चौकात उतरता, तर पेशव्यांना घोड्यावर जीन चढवण्याचीही तसदी पडली नसती. तेव्हा तक्रार नव्हे. आमचे वैषम्य निराळेच आहे, आणि ते शास्त्राविषयीचे आहे: काँक्रीटच्या मार्गाची सामग्री, त्याची रचना आणि त्याचा टिकाऊपणा ह्या विषयावर जगात गेली शंभराहून अधिक वर्षे संशोधन चालू असता, त्या संशोधनाच्या दप्तरात करोंदची नोंद कोणी घेऊ नये, ही उपेक्षा आमच्याने सोसवत नाही.

ह्या शास्त्राचे पंढरपूर म्हणजे अमेरिकेतील इलिनॉय प्रांतातले ऑटावा नावाचे गाव. तेथे १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे, केवळ परीक्षणासाठी बांधलेल्या सहा वर्तुळमार्गांपैकी पाचांवरून, सैन्यातील जवानांकरवी मालमोटारी रात्रंदिवस फिरवल्या. आसांच्या सुमारे अकरा लाख फेऱ्या झाल्या, दोन कोटी सत्तर लाख डॉलर खर्ची पडले, आणि एवढ्या खटाटोपाअंती निष्पन्न काय झाले, तर आसावरचा भार दुप्पट केला की रस्त्याची हानी दुप्पट न होता सुमारे सोळापट होते. हेच ज्ञान करोंदमध्ये एक छदामही खर्च न करता उपलब्ध आहे. गव्हाची किंवा सोयाबीनची आवक वाढली की कृषी उपज मंडीकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची जी रीघ लागते, तिच्यातील प्रत्येक ट्रॉली कायद्याने किती माल वाहावा हे विचारीत नाही, केवळ किती मावतो एवढेच विचारते. तिच्या मागोमाग वाळूचे आणि गिट्टीचे डंपर येतात. आणि ह्या समस्त परीक्षणातील चालकांचा पगार, डिझेल व टायर ह्यांचा भार शास्त्रावर नसून परीक्षार्थींनीच तो आपखुशीने उचललेला असतो. ऑटावाच्या विद्वानांनी रस्त्याच्या सुखावहतेला शून्य ते पाच असे गुण देण्यासाठी परीक्षकांचे एक मंडळ नेमले होते. ही मंडळी मोटारीत बसून रस्त्यावरून जात आणि कागदावर आकडा मांडीत. आमच्याकडे हे मंडळ चौघांच्या ई-रिक्षात सहा जण ह्या हिशेबाने रोज अव्याहत बसलेले असते आणि त्याचा अभिप्रायही तत्क्षणी, तोंडी व निःसंदिग्ध असतो. केवळ तो कोणत्याही सभ्य नियतकालिकात छापता येत नाही, एवढीच त्यातली शास्त्रीय उणीव.

बरे, शहरात विद्वानांचा तुटवडा आहे असेही नव्हे. १९६० साली स्थापन झालेले, हल्ली मॅनिट म्हणून ओळखले जाणारे तंत्रविद्यालय येथेच आहे. फ्लाय ॲश आणि लाल चिखलासारख्या कारखानी टाकाऊ पदार्थांतून बांधकामाची सामग्री घडवण्याचा ध्यास घेतलेली ॲम्प्री ही केंद्रीय प्रयोगशाळा येथेच आहे. ऐशबागच्या पुलाचे वळण काटकोनी असल्याचा जून २०२५ मध्ये देशभर बोभाटा होऊन अभियंते निलंबित झाले, आणि पुढे मॅनिटच्याच तज्ज्ञाने ते मोजून ११८ ते ११९ अंशांचे असल्याचा अहवाल उच्च न्यायालयात दिला. त्यामुळे कोन मोजण्याची विद्या ह्या नगरीत जिवंत आहे ह्याविषयी शंका उरत नाही, जरी ती पूल बांधून झाल्यानंतर जागी होते असे कोणी कुत्सितपणे म्हणेल. त्या बोभाट्याच्या पुढच्याच महिन्यात राज्याच्या लोकनिर्माण मंत्र्यांनी, जोवर रस्ते आहेत तोवर खड्डेही पडत राहणार, अशा अर्थाचा जो सिद्धांत जाहीरपणे मांडला, तो तर जेथे धूर तेथे अग्नी ह्या नैयायिकांच्या व्याप्तीच्या पंक्तीस बसवावा इतका निर्दोष आहे; खड्ड्यावरून रस्त्याचे अनुमान करण्याचा सराव आम्हां करोंदवासीयांना पूर्वीपासूनच आहे, त्याला प्रमाणशास्त्राचे अधिष्ठान मात्र तेव्हा प्रथमच लाभले.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. आमच्या वस्तीतील एका गल्लीत सीसी, म्हणजे सिमेंट काँक्रीटच्या, रोडचे काम निघाले, आणि सर्व शास्त्रीय प्रयोगांप्रमाणे त्याचाही आरंभ नारळ फोडून झाला. दुसऱ्या दिवशी मिक्सर आला, गिट्टीचा ढीग पडला, आणि सिमेंटची पोती एका निळ्या ताडपत्रीखाली विसावली. शिकागोच्या डफ अब्राम्सने १९१८ साली असे सिद्ध करून ठेवले आहे की काँक्रीटचे बळ हे मुख्यत्वे पाणी व सिमेंट ह्यांच्या परस्परप्रमाणावर अवलंबून असते, आणि पाणी वाढले की बळ घटते. रस्त्याच्या कामी हे प्रमाण चार दशांशांच्या आसपास राखतात, म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यामागे वीस लिटर. परंतु वीस लिटरचा माल घट्ट असतो, त्याला पसरवण्यास फावड्यावर अंगमेहनत करावी लागते, आणि तो मऊ करणारे प्लॅस्टिसायझर नावाचे औषध बाजारातून विकत आणावे लागते. उलट पाणी टँकरात आयतेच असते. ‘माल पतला करो, चल नहीं रहा,’ असा मुकादमाचा हुकूम होताच एक पोरगेला मजूर दहा लिटरची बादली त्या फिरत्या पिंपाच्या तोंडात अशा सहजतेने उपडी करतो, की अब्राम्सच्या वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येचा सुमारे एक तृतीयांश त्या एका हिसक्यासरशी वाहून जातो. माल मात्र सुरेख चालतो. गल्लीच्या उतारावरून तर तो मजुरांवाचूनही चालतो.

ह्याच सुमारास एक गृहस्थ मोटारसायकलवरून येतात आणि लोखंडी साचे मांडतात. हे साचे दीडशे मिलिमीटर लांब, तितकेच रुंद व तितकेच उंच असतात, आणि त्यांत काँक्रीट भरून जे ठोकळे निघतात त्यांच्या दाबसहनशक्तीवरून संपूर्ण रस्त्याचे चारित्र्य ठरते. ठोकळ्यांचा माल कालवला जात असताना बादलीवाल्या पोराला चहा आणण्यास पाठवतात, हा केवळ योगायोग समजावा. माल तीन थरांत भरतात, प्रत्येक थर सळईने ठेचतात, वरचा पृष्ठभाग थापीने असा गुळगुळीत करतात की त्यात तोंड पाहावे. आणि दुसऱ्या दिवशी साच्यातून मुक्त झालेला तो ठोकळा प्रयोगशाळेच्या हौदात, पंचवीस ते एकोणतीस अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यात, अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत निवांत स्नान करीत राहतो. भोपाळच्या बेगमांनाही एवढे दीर्घ स्नान घडले नसेल. इकडे ज्या रस्त्याचा तो प्रतिनिधी, तो रस्ता मे महिन्याच्या उन्हात उघडा पडलेला. त्याला किमान चौदा दिवस ओला ठेवावा, गोणपाट अंथरावे, मातीचे बांध घालून पाणी साठवावे, असे रस्तेबांधणीची संहिता सांगते. ह्या क्रियेस आपण मराठीत पाणी मारणे म्हणतो आणि इकडे तराई म्हणतात, पण कोणत्याही भाषेत तिला टँकर लागतो, आणि टँकर तर माल पातळ करण्यातच रिता झालेला असतो. अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळा यंत्राखाली जातो, विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण होतो, त्याचे प्रमाणपत्र नस्तीस जोडले जाते आणि मक्तेदाराची रक्कम अदा होते. रस्त्यावर त्या मुदतीत धूळ उडू लागलेली असते. पण रस्त्याचे बळ कोणी विचारीत नाही, आणि क्वचित एखाद्या चौकस अधिकाऱ्याने त्यातून वर्तुळाकार गाभा कापून तपासणीस नेलाच, तर त्याने ठेवलेले भोक हे त्या रस्त्याचे पहिलेवहिले भगदाड ठरते.

भेगांचे प्रकरण त्याहून सूक्ष्म आहे. काँक्रीट वाळताना आकसते, आणि पुढे जन्मभर दिवसाच्या उन्हाने मध्यभागी फुगते व रात्रीच्या गारव्याने कडांशी वर वळते. ह्या ताणांचे गणित वेस्टरगार्ड नामक पंडिताने १९२६च्या सुमारास मांडले. तात्पर्य असे की भेग ही अटळच, प्रश्न इतकाच की ती आपल्या मर्जीने पाडायची की काँक्रीटच्या. म्हणून ओतल्यापासून काही तासांतच, प्रसंगी मध्यरात्री उठून, करवतीने ठरावीक अंतरावर जाडीच्या सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश खोल चीर द्यायची असते, जेणेकरून स्लॅब त्या आखल्या जागीच मोडावा. आमच्या गल्लीत करवत आठवडा उलटल्यावर आली. तोवर काँक्रीटने आपले सांधे आपणच, नदीच्या नागमोडी वळणांप्रमाणे, पाडून घेतले होते; परंतु मोजपुस्तकात सांध्यांचे रनिंग मीटरवर पैसे असल्याने करवतवाल्याने प्रत्येक नैसर्गिक भेगेच्या शेजारी वीतभर अंतरावर एक शासकीय भेग सरळ रेषेत कापली आणि तिच्यात डांबर भरले. पावसाचे पाणी अर्थातच बिगरसरकारी भेगेतून खाली उतरते, तेथील काळ्या मातीस भिजवते, माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा स्लॅब अधांतरी राहून ट्रॉलीची वाट पाहतो.

ही विद्या परकीय आहे असेही कोणी समजू नये. देशातील रस्त्यांचा प्रथम सांगोपांग विचार करणारी १९२७ची समिती बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालची. तिच्या शिफारशीनेच १९२९ साली पेट्रोलच्या गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसून रस्त्यांचा स्वतंत्र निधी उभा राहिला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस जन्मास आली. वीस वर्षांची पहिली मार्गयोजना १९४३ साली नागपुरात ठरली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हचे, १९४०च्या सुमारास केलेले काँक्रीट पिढ्यान्‌पिढ्या टिकले, आणि तेही जेव्हा संगणकच काय पण नीटसा मिक्सरही दुर्मीळ होता. म्हणजे ज्ञान नव्हते अशी सबब चालणार नाही. ज्ञान छापील आहे, क्रमांकित आहे, आणि कचेरीच्या कपाटात कुलूपबंद आहे.

त्याच रोड्स काँग्रेसच्या ५८ क्रमांकाच्या संहितेत एक कोष्टक आहे, ते आम्हांस अलीकडे फार रमवते. काँक्रीटवर येणारा ताण त्याच्या मोडण्याच्या बळाच्या पंचेचाळीस टक्क्यांहून कमी असेल, तर ते तो ताण अमर्याद वेळा सोसते; पन्नास टक्के झाला तर सुमारे सात लाख बासष्ट हजार वेळा; आणि सत्तर टक्के झाला तर जेमतेम एकोणीसशे वेळा, मग मोडते. सहिष्णुतेचे इतके स्पष्ट, इतके प्रामाणिक कोष्टक आम्ही धर्मग्रंथांतही वाचलेले नाही. नागरिकाच्या बाबतीत असे कोष्टक अद्याप कोणी तयार केले नसल्यामुळे शासनास त्याच्यावरील ताणाची टक्केवारी बेधडक वाढवता येते. रस्ता झाल्यावर दुसऱ्या महिन्यात पाण्याच्या नळासाठी तो मधोमध फोडतात, तिसऱ्यात गटारासाठी कडेने फोडतात, आणि ते चर मातीने बुजवून वर पुन्हा एक पातळ थर पसरतात. मुख्य मार्गावर मेट्रोचे खांब उभे आहेत, जिची पहिली गाडी २० डिसेंबर २०२५ रोजी एम्स ते सुभाषनगर अशी शहराच्या त्या टोकास सुरू झाली, आणि ह्या टोकास, जेथे तिचे शेवटचे स्थानक करोंद म्हणून कागदावर आहे, तेथे तूर्त तिचे खांब आणि आडोशाचे पत्रेच आलेले आहेत. तरीही कोणी मोडत नाही. आम्ही सर्वजण पंचेचाळीस टक्क्यांखालीच असलो पाहिजे, अथवा मोडलेलो असून ठोकळा उत्तीर्ण झाल्यामुळे ते नोंदले गेले नसावे.

सबब ज्या संशोधकांना काँक्रीट मार्गाच्या अकालवार्धक्यावर प्रबंध लिहावयाचा असेल, त्यांनी परदेशी शिष्यवृत्तीच्या मागे न लागता करोंदला यावे. कच्ची सामग्री मुबलक आहे आणि ती दरवर्षी नव्याने तयार होते. आणि ज्या वाचकांच्या दारासमोर सध्या असे काम चालू असेल, मग ते नागपुरात असोत, पुण्यात असोत की आमच्यासारखे मुलूख सोडून आलेले असोत, त्यांस विनंती एवढीच की खुर्ची बाहेर टाकून बसावे, पोत्यामागे बादल्या मोजाव्या, ठोकळे रस्त्याच्याच मालातून भरले जातात की नाही ते पाहावे, करवत त्याच रात्री आली का ह्याची चौकशी करावी, आणि चौदा दिवस पाणी पडले नाही तर तसा लेखी अर्ज मोजपुस्तकावर सही होण्यापूर्वी देऊन पोच घ्यावी. सही झाल्यानंतर दिलेला अर्ज दप्तरी दाखल होतो.