पुरण वेगळे आणावे

सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिणारा माणूस स्वभावाने वेदान्ती असतो. जे आपल्या लॅपटॉपवर आहे ते सर्व चराचरात आहे, अशी त्याची खात्री असते. कधीकाळी रात्र जागून त्याने स्वतःच जे बसवलं होतं, ते आता त्याच्या लेखी सृष्टीच्या आरंभापासूनचं. म्हणून पुस्तिकेचं पहिलं वाक्य ठरलेलं: फक्त एक कमांड द्या, झालं!

समजा, एखाद्या गावच्या वाचनालयाला जुने दिवाळी अंक स्कॅन करून त्यातला मजकूर संगणकाकडून वाचून घ्यायचा आहे. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं फुकट आणि खरोखर चांगलं इंजिन आहे. ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८०च्या दशकात जन्मलं, २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. वाचनालयाचा उत्साही कार्यकर्ता पायथनची पॅकेजं आणणाऱ्या पिपला ‘पिप इन्स्टॉल पायटेसरॅक्ट’ अशी आज्ञा देतो. पडद्यावर यशाची वार्ता झळकते. चित्रं उघडायला लागणारं पिलो हे पॅकेजही न मागता सोबत येतं. येत नाही ते फक्त टेसरॅक्ट. पायटेसरॅक्ट हा नुसता निरोप्या, इंजिन ज्याचं त्याने आणायचं. पुरणपोळीच्या कृतीची पहिली ओळ ‘तयार पुरण घ्या’ अशी असावी, तसं.

हे पायटेसरॅक्टच्या पुस्तिकेत लिहिलेलं नाही, असं मात्र म्हणू नका. लिहिलेलं आहे. आधी वापराची भरघोस उदाहरणं, पूर्वतयारी त्यानंतर. उदाहरण चालवून तोंडावर आपटल्याशिवाय पूर्वतयारीची गोडी कळत नाही, असा काहीतरी शैक्षणिक विचार त्यामागे असावा.

कार्यकर्ता जरा हुशार निघाला तर तो ‘पिप इन्स्टॉल टेसरॅक्ट’ करून पाहील. त्या नावाचं पॅकेज आहे, पण ते खगोलशास्त्राचं: विश्वाच्या संगणकीय प्रतिरूपांतल्या प्रभामंडलांचं मोजमाप करणारं. दिवाळी अंकातली विनोदी कथा वाचायला निघालेला माणूस थेट आकाशगंगांच्या गावी! विंडोजवाल्याला त्या मानाने जवळ, म्हणजे जर्मनीपर्यंतच जावं लागतं. तिथल्या मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने विंडोजसाठी इन्स्टॉलर तयार करून ठेवला आहे. (एक ग्रंथालय दुसऱ्याच्या मदतीला धावतं, हा या प्रकरणातला एकमेव हृद्य भाग.)

इंजिन आलं. पान दाखवलं. उत्तर आलं रोमन अक्षरांच्या भेळीत, कारण भाषा सांगितली नाही तर हे इंजिन इंग्रजीच धरून चालतं. बरं, भाषा सांगू. मराठीचा संकेत ‘मार’ आहे. तो देतोही आपण आणि खातोही आपणच, कारण मराठीची फाइल पुन्हा वेगळी बसवायची असते. उबुंटूवर तिचं पॅकेजच निराळं. ती नसेल तर इंजिन एका चलाचं लांबलचक नाव घेऊन, भाषांच्या फोल्डरचा पत्ता नीट दिला आहे ना ते पाहा, असं बजावतं. फाइल मुळात आणलेलीच नाही, ही शंका त्याच्या सभ्यपणाला शिवत नाही.

खरं तर पुस्तिकेच्या माथ्यावर चार ओळी पुरल्या असत्या. पायथनचं पॅकेज पिपकडून येईल, इंजिन येणार नाही, मराठी तर नाहीच. इंजिनाला आधी भाषांची यादी विचारा आणि तीत मराठी दिसली तरच पुढे सरका. पण असं लिहिलं की पुस्तिका पहिल्याच पानावर अवघड दिसते. त्यापेक्षा वाचकाने घरी जाऊन अवघड वाटून घेतलेलं बरं. ती त्याची खासगी बाब.

पूर्वतयारी दडवण्याच्या या कलेचा कळस पाहायचा तर लिबरऑफिसकडे जावं. विंडोजवर त्याची ऑफलाइन मदत हा स्वतंत्रपणे उतरवून बसवायचा भाग आहे. ती बसवली नसेल तर मदत ब्राउझरमध्ये उघडते, अर्थात इंटरनेट असेल तर. नसेल तरी घाबरू नका. मदत कशी बसवायची, हे मदतीत सविस्तर दिलेलं असणारच.