तारबाई, कोपरापासून नमस्कार

मु. पो. मेहकर, जि. बुलढाणा

श्रीमती तारबाई यांस,



खरं तर तुम्हाला तारच करायची होती. पण ती सेवा सरकारनं जुलै २०१३ मध्ये गुंडाळली, म्हणून हे उघडं पत्र. आमच्या लहानपणी दारात तारवाला दिसला की पाकीट फोडायच्या आधीच आजी गळा काढायची. मग आत मजकूर बदलीचा निघो की बारशाचा. तुमचा पायगुण तेव्हापासून ठाऊक आहे.

हल्ली तुम्ही मोठ्या घरी नांदता असं कळलं. क्वांटम कॉम्प्युटरच्या घरी. तिथं म्हणे तुमच्यावाचून पान हलत नाही. अभिनंदन! केंद्र सरकारनं १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६००३.६५ कोटींचं. आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटचे संगणक करायचे असं त्यात लिहिलंय. क्युबिट, म्हणजे या संगणकातलं माहितीचं सर्वांत लहान एकक, किती ते सगळे मोजतात. तुम्ही किती लागाल, हे त्या आकड्याशेजारी कुणी छापत नाही. लग्नात वऱ्हाडी मोजावेत आणि वाढपी विसरावेत, तसं झालं हे.

तुमचा गुन्हा काय, ते आधी वाचकांना सांगतो. तुम्ही मध्ये बोलू नका.

त्यासाठी आधी गेट कळायला हवं. आमच्याकडं गेट म्हणजे बाजार समितीचं, नाहीतर धरणाचं. क्वांटमवाल्यांच्या गेटला ना फळी ना कडी. त्यांचं गेट म्हणजे क्युबिटला दिलेला मापून-तोलून एक धक्का. गूगलच्या सायकॅमोर चिपवर २०१९ साली एका क्युबिटचं गेट २५ नॅनोसेकंदांत उरकायचं. धक्का थोडा कमी पडला तर उत्तर कच्चं राहतं, जास्त बसला तर भलतंच येतं. नको तेवढा धक्का बसल्यावर काय होतं ते बघायला आमच्या लोणारला या, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा पुरावा बेसॉल्टमध्ये अजून तसाच आहे.

आता पंचाईत बघा. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहणी करून भाकीत सांगतात. रात्रभर तिकडं कुणी फिरकत नाही. भाकितावर कुणाचा विश्वास असेल, कुणाचा नसेल. ते बाजूला ठेवू. पण मांडलेल्याला पहाटेपर्यंत हात लावायचा नाही ही शिस्त क्युबिटलाही लागते. जरा कुणी डोकावलं, जरा ऊब लागली, की मांडणी विस्कटली. आणि गेट चालवायचं तर दर क्षणी हात लावावाच लागतो! हात लावू नका आणि लावल्याशिवाय राहूही नका, असं हे कुळाचारात न बसणारं व्रत. त्या व्रताच्या खोलीत घुसणारा हात म्हणजे तुम्ही, धक्क्याचा निरोप नेणारी तार.

घुसता त्याही कशा! अतिवाहक क्युबिट साधारण २० मिलिकेल्विनला ठेवतात, निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा जेमतेम पन्नासावा भाग. त्यापुढं अंतराळाची पोकळीसुद्धा मे महिन्यातलं खामगाव वाटेल. तुम्ही बाहेरच्या खोलीतून निघता आणि खोलीतली उष्णता पदराला बांधून आत आणता. मग शीतकाच्या प्रत्येक मजल्यावर तुमचा गोंगाट दाबायला अटेन्युएटर बसवा, त्याची ताकद वाढवा, जागा करा. वर कानगोष्टींची सवय आहेच. निरोप एका क्युबिटचा, ऐकू जातो शेजारच्याला. गावातल्या कोणत्या बाईची आठवण होते ते लिहीत नाही, घरी वाचतात.

सायकॅमोरचे ५३ क्युबिट पूर्णपणे ताब्यात ठेवायला २७७ डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे आकड्यांचे तुमच्यातून धाडायचे विद्युत-इशारे बनवणारे, लागले होते. क्युबिट त्रेपन्न आणि त्यांची मर्जी सांभाळणारे पावणेतीनशे. आमच्या साहेबांच्या दौऱ्यातही गाड्यांचं प्रमाण असंच पडतं, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. पण उपयोगाचं काही करायचं तर क्युबिट लाखांनी लागतील असं जाणकार म्हणतात. तेव्हा तुम्ही किती लागाल, बाई? त्या चिपपर्यंत पोचायला वाट तरी उरेल का?

यातली खरी गोम आमच्या शिवारातल्या कुणालाही कळेल. माझ्या कपाशीत ठिबक आहे. विहिरीवर मोटर एकच, तीही रात्रीची लाईट आली तरच चालते. प्रत्येक झाडाला स्वतंत्र मोटर आणि स्वतंत्र स्टार्टर द्यायचं मी ठरवलं असतं, तर घरच्यांनी मला थेट डॉक्टरकडं नेलं असतं. पाणी मेन लाइनमध्ये सगळ्यांसाठी सारखंच येतं. ज्या तुकड्याचा कॉक उघडा, तो भिजतो, बाकीचे कोरडे. एवढंच शहाणपण क्युबिटवर असं चालवून दाखवायला जगातल्या हुशार माणसांना २०१६ साल उजाडलं.

दाखवलं ते इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात, विनफ्रिड हेन्सिंगर यांच्या गटानं. त्यांचे क्युबिट म्हणजे विद्युतक्षेत्रात अडकवलेले इटर्बियमचे आयन. अशा आयनांवर गेट चालवायला तेव्हा लेझर किरणांच्या जोड्या नेम धरून रोखायची पद्धत होती. क्युबिट वाढले की किरण वाढले. लेझर ही तुमचीच चुलत बहीण, उजेडाची साडी नेसलेली. यांनी काय केलं, तर मोजक्या मायक्रोवेव्ह लहरी सगळ्या चिपवर एकदमच सोडायच्या. मेन लाइनचं पाणी म्हणा ना. चुंबकीय क्षेत्र मात्र जागेगणिक कमी-जास्त ठेवायचं, म्हणजे प्रत्येक जागेवरचा आयन वेगळ्या सुराला ओ देतो. मग चिपवर थोडा वीजदाब देऊन आयन जरासा सरकवला की तो त्या लहरीच्या सुरात येतो. परत सरकवला की बहिरा. हाच कॉक. क्युबिट कितीही वाढले तरी लहरींची संख्या तीच राहते. दोन क्युबिटांचं गेट त्यांनी सुमारे ९८.५ टक्के बिनचूक चालवून दाखवलं. उरलेला दीड टक्का पुष्कळ झाला, मान्य. पण ठिबकही पहिल्या वर्षी गळतंच.

आपल्याकडं कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, आर. विजयराघवन यांच्या गटानं दुसरी वाट धरली. 'ट्रायमॉन' नावाच्या एकाच मंडलात त्यांनी तीन क्युबिट बसवले. एरवी तीन क्युबिटांचं टॉफोली गेट, म्हणजे पहिल्या दोघांची मर्जी असेल तरच तिसऱ्याला उलटवणारं, करायला दोन-दोन क्युबिटांची सहा सीनॉट गेटं एकामागं एक लावावी लागतात. इथं तिघं सतत एकमेकांशी बांधलेले. पहिले दोघं कसे बसलेत त्यावर तिसऱ्याचा सूर ठरतो, म्हणून नेमक्या सुराचा एकच झटका दिला की त्या जातीचं काम होतं. सहा फेऱ्यांचं दळणवळण एका फेरीत! पुढं ऑगस्ट २०२४ मध्ये टीआयएफआर आणि डीआरडीओची पुण्याची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा यांनी सहा क्युबिटच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी पार पाडली. क्युबिट कुलाब्याचे, नियंत्रणाची उपकरणं पुण्याच्या मंडळींनी बाजारात मिळणारी इलेक्ट्रॉनिक्स जोडून उभी केलेली, क्लाउडची बाजू टीसीएसची. सहा म्हणजे फार नाहीत. पण अशा बातमीत डोळ्यात भरतो तो 'सहा', पुण्याची जोडाजोड नाही. तुम्हाला हायसं वाटलं असेल.

तुम्ही पूर्ण जाणार नाही, हेही मला कळतं. ससेक्सच्या चिपवरचा तो वीजदाब शेवटी वाहून आणतं कोण? तुम्हीच, फक्त बारीक होऊन. काही हरकत नाही. तुमचं हे सोंग जुनंच आहे. १९५०च्या दशकात ट्रान्झिस्टर वाढले तेव्हा त्यांना जोडता जोडता लोक असेच घायकुतीला आले होते. १९५८ साली जॅक किल्बीनं मंडलाचे सगळे भाग एकाच तुकड्यावर बसवले आणि पुढं तुम्हीही चिपच्या पोटात कोंडल्या गेलात. तिथं तुम्ही गुण्यागोविंदानं राहिलात, पुष्कळ उपयोगीही पडलात. आताही तशाच राहा. शीतकाच्या माडीवरून झुंबरासारखं लोंबकळत फोटो काढून घेण्याची हौस मात्र आवरा. लोक त्या सोनेरी झुंबरालाच कॉम्प्युटर समजतात, आणि तुम्ही ते समजू देता.

वाचकहो, पुढच्या खेपेला कुणी मंत्री किंवा कंपनी एवढ्या-तेवढ्या क्युबिटचा संगणक केल्याचं जाहीर करील, तेव्हा टाळी जरूर वाजवा. टाळी संपली की उभं राहून एकच विचारा: साहेब, कॉक किती आणि मोटरी किती?

आपला,
रात्रीच्या लाईटची वाट बघणारा एक ठिबकवाला