गणपती परिशिष्टात

जाडजूड विद्वत्ताप्रचुर ग्रंथ हाती आला की आपण आधी पाठ ताठ करतो. मग पहिल्या पानापासून, एक ओळ गाळली तर लेखकाचा अपमान होईल अशा भीतीने वाचत सुटतो. चाळिसाव्या पानावर डुलकी लागते आणि खापर फुटते स्वतःच्या बुद्धीवर. वास्तविक प्रबंध शेवटाकडून वाचावा. रहस्यकथेत खुनी आधी कळला तर मजा जाते. प्रबंधात तो आधी कळायलाच हवा. मग पुरावा पुरतो का, एवढेच बघायचे उरते.

काहींची पुस्तके हळदीला बसलेली असतात. हायलायटरने पानेच्या पाने पिवळी! मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या, तेव्हा अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचन या दोन्ही लाडक्या पद्धती तळाला गेल्या. दुसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. सरस ठरले ते स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास थोडा थोडा, अंतराअंतराने करणे. म्हणजे प्रकरण संपले की पुस्तक मिटायचे आणि घरातल्या कुणाला तरी ते सांगायचे. ‘बरं, मग त्यात नवीन काय?’ असे भाजी निवडता निवडता कुणी विचारले, तर त्याहून कडक परीक्षक विद्यापीठातही भेटणार नाही.

हे झाले लक्षात ठेवण्याचे. पण शंका घ्यायची कशी, हे शिकावे पुण्याच्या भांडारकर संस्थेकडून. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये सुरू झाले आणि 1966 मध्ये पुरे झाले. पानावर वरती स्वीकारलेला पाठ आणि खाली वेगवेगळ्या पोथ्यांतल्या पाठभेदांची बारीक अक्षरांतली गर्दी. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही आपली लाडकी कथा संपादक विष्णु सीताराम सुकथनकरांना मूळ संहितेतली वाटली नाही. त्यांनी ती आदिपर्वाच्या परिशिष्टात टाकली. पुण्यात बसून गणपतीला परिशिष्टात धाडायचे, याला छाती लागते! तरी कथा फेकून दिली नाही. ती छापली आणि कोणत्या पोथ्यांत सापडते तेही नोंदवले. पटत नसेल त्याने तपासावे.

पाठ्यपुस्तके वाचून वाढलेल्या आपल्याला तळटीप म्हणजे मुंग्यांची रांग वाटते, पण खरी भांडणे तिथेच चालतात. ‘हे सर्वश्रुतच आहे’ असे वाक्य आले आणि खाली आकडा नसला, की थांबावे. ‘काही अभ्यासकांच्या मते’ आले, की नावे विचारावीत. लेखकाने कुणाला उत्तर दिले, आणि कुणाला शिताफीने टाळले, हेही बघावे. टाळलेल्यांची यादी बहुधा अधिक रंजक असते.

तेव्हा हायलायटर ठेवा आणि पेन्सिल घ्या. समासात निःसंकोच प्रश्नचिन्हे काढा. पुस्तक ग्रंथालयाचे असेल, तर मात्र वेगळ्या चिठोऱ्यावर.