ट्रामची सवत

"पुन्हा रस्ता खणायला घेतला वाटतं यांनी!"

"घेणारच माई. पावसाळा तोंडावर आला की यांना कुदळी आठवतात."

"हुतात्मा चौकात असंच खणताना ट्रामचे जुने रूळ निघाले होते. ट्राम बंद झाली तेव्हा उखडायचा कंटाळा, वरून डांबर फासलं नि मोकळे! आमचे मामंजी असते तर बघायला धावले असते. ट्रामवर भारी जीव त्यांचा."

"घोड्यांच्या ट्रामवर?"

"छे हो, विजेच्या. घोड्यांची 1874 ची, मामंजींच्याही आधीची. कंपनीच्या पदरी 900 घोडी! तीन आणे भाडं, पण तिकीटच देत नसत म्हणे. हिशेब कसा लागायचा देव जाणे."

"मग विजेची कधी आली?"

"7 मे 1907 ला. वीजघर त्याच्या आधीच उभं राहिलं होतं, वाडीबंदरला. कंपनीचं नावच 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज'. वीज विकायचा मान आधी, ट्राम मागून. पुढे गर्दी आवरेना म्हणून 1920 मध्ये डबलडेकर ट्रामसुद्धा काढल्या. ड्रायव्हर पायाने घंटा ठणाणा वाजवतोय नि माणसं चालत्या ट्राममधून टणाटण उतरतायत, मामंजी हुबेहूब नक्कल करायचे."

"एवढं चांगलं चाललं होतं, तर बंद का पडली?"

"घरात सवत आणली ना! आणि कोणी, तर खुद्द कंपनीनेच. 15 जुलै 1926, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, पहिली बस. धाकटीला रूळ नकोत, तारा नकोत, म्हणाल त्या गल्लीत शिरणार. थोरली बिचारी रुळांना बांधलेली. पुढे एक हातगाडी अडली की मागे ट्रामांची रांग. बोल मात्र ट्रामला, रस्ता अडवते म्हणून! हातगाडीवाल्याला कोणी हटकलं?"

"म्हणजे तुम्ही थोरलीच्या बाजूने!"

"मग काय तर! धूर नाही की काही नाही. 1947 ला कंपनी महापालिकेकडे गेली, तरी हिचं नशीब काही फिरलं नाही. 31 मार्च 1964, रात्री दहाला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली. मामंजी मुद्दाम गेले होते."

"बसले का?"

"कुठले! लोकांची ही झुंबड. पाय ठेवायला मिळाला नाही. शेवटी बसने घरी आले."

"अगं बाई!"

"आणि सासूबाईंना सांगितलं काय, तर ट्रामने आलो, खिडकीची जागा मिळाली!"