पगारी उमेदवारी

आपल्याकडच्या ट्रकच्या पाठीवर मालकाचं मन वाचायला मिळतं. आईवडिलांचा आशीर्वाद, पोरांची नावं, जळणाऱ्यांना मारलेला टोमणा आणि खाली दृष्ट लागू नये म्हणून लोंबणारी काळी चप्पल. अमेरिकेतल्या ट्रेलरच्या पाठीवर असला भावनिक पसारा नसतो. पांढऱ्या दारावर बहुतेक वेळा एकच मजकूर असतो : ड्रायव्हर पाहिजेत. येत नसेल तर आम्ही शिकवू. शिकताना पगारही देऊ. खाली फोन नंबर.

न्यू जर्सी टर्नपाइकवर असल्या पाठींमागून ऑफिसला जाण्यात माझी हयात गेली, पण त्या मजकुराकडे मी कधी लक्ष दिलं नाही. माझ्या मेहुण्यानं दिलं.

बहिणीनं भावासाठी अर्ज करायचा आणि सरकारनं तो लोणच्यासारखा मुरवत ठेवायचा, असा अमेरिकेत एक व्हिसा आहे. त्याला एफ-४ म्हणतात. भारतीयांचा नंबर लागायला पंधरा वर्षांहून अधिक काळ जातो. बायकोनं अर्ज केला तेव्हा मेहुणा कराडात कॉलेजला जातो असं घरी सांगत होता. ग्रीन कार्ड आलं तेव्हा त्याला एक बायको, सहावीतली एक मुलगी, एक ट्रॅक्टर आणि उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या. पैकी पहिल्या दोघींना घेऊन तो आमच्या तळघरात दाखल झाला.

काही दिवस त्यानं देशी वाणसामानाच्या दुकानात कोथिंबिरीवर पाणी मारलं. मग एका संध्याकाळी मोबाइलवर काढलेला ट्रेलरच्या पाठीचा फोटो दाखवत म्हणाला, "दाजी, शिकायचं आपण आणि पगार त्यांनी द्यायचा, ही काय भानगड?"

घरात शांतता पसरली. आमच्या ओळखीत सॉफ्टवेअरवाले आहेत, औषध कंपन्यांतले आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत. ट्रक ड्रायव्हर नाही. बायकोच्या डोळ्यांसमोर महाराष्ट्र मंडळाची दिवाळी उभी राहिली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "कुणी विचारलं तर लॉजिस्टिक्समध्ये आहे म्हणायचं." एवढ्यावर तिच्याकडून विषय मंजूर झाला.

कंपनी निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी विमा कंपनीत आहे. पॉलिसीतली बारीक अक्षरं लिहिणाऱ्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो, त्यामुळे कागद मला कळतात असा घरात समज आहे. मी लगेच एक्सेल उघडलं.

कंपन्या ढोबळमानाने तीन जातीच्या निघाल्या. पहिली म्हणते, शाळा आमची, फी आत्ता देऊ नका, शिकताना आठवड्याला खर्चापुरते पैसे घ्या आणि मग वर्षभर आमच्याकडेच चालवा. दुसरी म्हणते, पहिल्या दिवसापासून तुम्ही आमचे नोकर, पगारावरच शिका. मात्र वर्षाचा करार इथेही असतोच. तिसरी म्हणते, तुम्ही कम्युनिटी कॉलेजात आपल्या पैशानं शिकून लायसन घेऊन या, तुमची फी आम्ही दरमहा थोडी थोडी परत करू. जाहिरातीत तिघींच्याही ट्रकमागे सूर्य उगवत असतो.

यांना एवढा दानधर्म परवडतो कसा, हे कोडं सोडवायला मी लायब्ररीतून स्टीव्ह व्हिसेली या समाजशास्त्रज्ञाचं 'द बिग रिग' हे २०१६ सालचं पुस्तक आणलं. अभ्यासासाठी हे गृहस्थ स्वतः असल्याच एका कंपनीत शिकून ट्रकवर चढले होते. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं मालवाहतुकीवरची सरकारी बंधनं सैल झाली, स्पर्धा वाढली, भाडी उतरली आणि त्यामागोमाग ड्रायव्हरची मिळकतही. तेव्हापासून लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत माणूस टिकत नाही. शंभर जागा असतील तर वर्षाला नव्वदच्या आसपास माणसं बदलतात, असं या धंद्याच्या संघटनेचेच आकडे वर्षानुवर्षं सांगत आले. म्हणून सतत नवी माणसं शिकवायची आणि शिकलेली पळू नयेत म्हणून करार करायचा. हे सगळं मी मेहुण्याला जेवताना समजावून सांगितलं. तो म्हणाला, "त्यांचं पुस्तक झालं, माझं लायसन झालं तरी पुरे."

मग रिक्रूटरांचे फोन सुरू झाले. एकदा नंबर दिला की ही मंडळी पाहुण्यांपेक्षा अगत्यानं चौकशी करतात. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसलो. तिकडून मधाळ आवाजात एक बाई मेहुण्याला पहिल्या नावानं हाक मारत होत्या. मी प्रश्न लिहून ठेवले होते.

"वर्षाच्या आत सोडलं तर?"

"तुम्हाला सोडावंसं वाटणारच नाही!"

"तुम्हीच काढून टाकलं तर?"

इतका वेळ अखंड वाहणारा मध थांबला. पोळी भाजायची थांबवून बायकोनं फोनकडे पाहिलं.

"तसं सहसा होत नाही," बाई म्हणाल्या, आणि कराराची प्रत ईमेलनं पाठवते असं सांगून त्यांनी हवामानाची चौकशी केली.

करार आला. आत हजारो डॉलरची फी छापलेली होती आणि ती वर्ष पुरं होईपर्यंत अंगावर राहणार होती. अकराव्या महिन्यात नोकरी सोडली तरी अख्खी, काढून टाकलं तरी अख्खी. दुसऱ्या एका कंपनीच्या करारात हीच फी दर महिन्याला बाराव्या हिश्शानं कमी होत होती. या फरकावर मी पिवळा रंग फासला आणि अर्थ सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "उचल आहे ही, दाजी."

ऊसतोड टोळीला हंगामाआधी मुकादमामार्फत उचल देतात. टोळीनं ती तोडणी करून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर बाकी. त्या बाकीपायी माणसं किती अडकतात हे मेहुण्यानं पाहिलं होतं. आणि वाहतूकदार म्हणून स्वतः उचल देऊन एका पहाटे टोळीसकट मुकादम गायब झालेलाही पाहिला होता. म्हणजे कराराच्या दोन्ही बाजूंना तो उभा राहून आला होता. मी फक्त पिवळा रंग फासला होता.

"उचल वाईट नसती," तो म्हणाला. "फिटती कशी ते बघायचं. आणि टोळीला काम मिळणार का ते बघायचं. काम न देता नुसतं बसवून ठेवलं, तर माणूस फेडणार कशानं?"

त्या एका वाक्यावर माझं एक्सेल नव्यानं मांडावं लागलं. पगार मैलावर असतो, हे जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं. आठवड्याला मैल किती देणार, हे नसतं. जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर चाक थांबलं की पगारही थांबतो. गोदामात माल उतरवायला पाच तास ताटकळत ठेवलं तर भरपाई मिळते का, कितव्या तासानंतर, हे ज्याचं त्यानं विचारायचं. मैलही दोन प्रकारचे. काही कंपन्या घरसामान हलवणाऱ्यांच्या जुन्या कोष्टकातले मैल मोजतात, आणि ते चाकाखालून गेलेल्या मैलांपेक्षा कमी भरतात. यावर मेहुणा मनापासून हसला. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला काटामारी नवी नाही, आणि कारखान्यावर गव्हाणीचा नंबर लागेपर्यंत फुकट उभं राहणं त्याहून नाही.

यापुढचा प्रश्न ट्रेनरचा. लायसन हातात आलं तरी काही आठवडे ट्रेनरबरोबर काढावे लागतात, ते त्याच्याच ट्रकमध्ये. पुढे दोन सीट, मागे एकावर एक दोन बंक, मध्ये दोन परक्या माणसांचे मोजे. कायद्यानं एका ड्रायव्हरला चौदा तासांच्या अवधीत अकरा तासच चालवता येतं आणि ते इलेक्ट्रॉनिक यंत्रात आपोआप नोंदलं जातं. ट्रेनर आणि शिकाऊ पाळीपाळीनं बसले की ट्रक जवळजवळ चोवीस तास पळतो. म्हणून विचारायचं ते हे : मी चालवताना गुरुजी शेजारी जागे असणार, की मागे घोरणार? एका रिक्रूटरनं याचं उत्तर "आमचे ट्रेनर फार अनुभवी आहेत" असं दिलं. घोरण्यात की चालवण्यात, हे त्यानं सांगितलं नाही.

सासूबाईंचा प्रश्न व्हिडिओ कॉलवर आला. "जेवायचं काय?" त्यांना सांगितलं की अमेरिकेतला ट्रकचा धंदा पंजाब्यांनी भरलाय आणि मोठ्या हायवेंवर त्यांचे धाबे आहेत, वायोमिंगमधल्या लॅरमीसारख्या बर्फाच्या मुलखातही पराठा मिळतो. "मग आपल्या माणसांनी काय केलं इतकी वर्षं?" त्यांनी विचारलं. यावर आमच्याकडचे सगळे आयटीवाले, म्हणजे शेजारच्या खोलीतला माझा मुलगा, गप्प राहिले.

शेवटी मेहुण्यानं कंपनी निवडली ती माझ्या रंगीत तक्त्यात तिसऱ्या नंबरावर होती. आठवड्याचे पैसे इतरांहून कमी. पण फी महिन्यागणिक फिटणारी, नव्या माणसाशेजारी ट्रेनर जागा बसणारा, आणि तिथल्या रिक्रूटरनं एका प्रश्नाला "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असं उत्तर दिलेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा खरोखरच फोन आला. "मुकादम बरा वाटतोय," मेहुणा म्हणाला.

त्यानंतर आमच्या घराची शाळा झाली. वैद्यकीय तपासणीत रक्तदाब १४०/९० च्या आत असला तर दोन वर्षांचं कार्ड मिळतं, म्हणून सर्वांचं लोणचं बंद झालं. लेखी परीक्षा देऊन शिकाऊ परवाना मिळाला की तो निदान चौदा दिवस जवळ बाळगावा लागतो, त्याआधी अंतिम परीक्षा देता येत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीपासून सरकारी नोंदणी असलेल्या संस्थेतच शिकावं लागतं. मात्र किती तास शिकवायचं याचं बंधन नाही, त्यामुळे कुणी घाईनं उरकतं, कुणी निगुतीनं शिकवतं. शिवाय परीक्षा ऑटोमॅटिक गिअरच्या ट्रकवर दिली, तर गिअर टाकायचा ट्रक चालवायला लायसनवर बंदी येते. जन्मभर ट्रॅक्टरचे गिअर ओढलेल्या मेहुण्याच्या लायसनवर ही बंदी छापून आली. तो अपमान त्याला अजून पचलेला नाही.

परीक्षेचा पहिला भाग म्हणजे ट्रकभोवती फिरत एकेका भागाला हात लावून तो ठणठणीत आहे हे इंग्रजीतून मोठ्यानं सांगायचं. ब्रेकचे पाइप, चाकांचे नट, ट्रेलर जिथं अडकतो ते फिफ्थ व्हील, सगळ्याला एकच मंत्र : "नॉट क्रॅक्ड, बेंट ऑर ब्रोकन." मराठी माध्यमातल्या मेहुण्यानं तो पाढ्यांसारखा घोकला. सकाळी चहाचा कप, दुपारी आमची गाडी, संध्याकाळी जिन्याचा कठडा, प्रत्येकाला हात लावून तो निर्वाळा देई. एकदा माझ्या गुडघ्याला हात लावून थबकला आणि काही न बोलता पुढे गेला.

मागे घेण्याच्या परीक्षेची मात्र त्याला फिकीर नव्हती. ५३ फुटांचा ट्रेलर मागे घेताना मागचं टोक उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. माझ्यासारख्याचा मेंदू इथे संप करतो. कारखान्याच्या चिखलात, रात्री, मागचे लोक शिव्या घालत असताना उसाची ट्रॉली मागे घेतलेल्या माणसाला मोकळं डांबरी मैदान, चार शंकू आणि शांत परीक्षक म्हणजे सहलच. खाली उतरून बघायची मुभा असते, ती त्यानं परीक्षकाला वाईट वाटू नये म्हणून घेतली.

आता तो ८०,००० पौंडांपर्यंतचा, म्हणजे साधारण ३६ टनांचा ट्रक घेऊन पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोच्या वाऱ्या करतो. उचल फिटली. मंडळाच्या दिवाळीत बायकोनं ठरल्याप्रमाणे "लॉजिस्टिक्स" म्हटलं, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन ट्रक किती गॅलनमध्ये किती मैल जातो हे तासभर विचारलं. माझ्या कामाबद्दल त्यांनी आजवर काही विचारलेलं नाही.

मध्यंतरी आमच्या ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. मेहुण्याच्या कानावर गेलं असावं. रविवारी चहा पिताना तो सहज म्हणाला, "दाजी, नवा माणूस आणून दिला की कंपनी मला रेफरल बोनस देती. तुमचं नाव घालू का?"

"म्हणजे तू आता मुकादम झालास," मी म्हणालो.

"तसंच समजा."

मी स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "उचल किती मिळेल?"