टिफिन घेऊन पेरणी

आमच्या मानोरा तालुक्यात लग्नाच्या शूटिंगवाल्याचा शब्दांशी फारसा संबंध येत नाही. नवरदेव मंडपात शिरतो तेव्हा बँड असा काही वाजत असतो की कोण काय बोललं ते बोलणाऱ्यालाही ऐकू येत नाही. मिक्सिंग करताना त्या गलक्यावर एखादं हिंदी गाणं पसरवलं की रुसलेली आत्याही गोड दिसते. इंझोरीत बसून मी या एका तत्त्वावर कित्येक लग्नं सुखरूप पार पाडली. पण आता लोक मोबाईलवर आवाज बंद ठेवून व्हिडिओ बघतात. त्यामुळे गिऱ्हाइकाला चित्राखाली अक्षरं लागतात.

शेजारच्या आबाजींच्या पुण्यातल्या नातवालाही ती लागली. "काका, आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करा आणि सबटायटल टाका. सॉफ्टवेअर सगळं आपोआप करतं, तुम्ही फक्त बटण दाबा."

बटण आहे, हे खरं. प्रीमिअर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बोलण्याची अक्षरं करून देणारी सोय 2021 साली आली. 2023 मध्ये त्याच्याही पुढची आली: पडद्यावर उतरलेल्या मजकुरातलं वाक्य खोडलं की व्हिडिओचा तेवढा तुकडाही कापला जातो. त्याच वर्षी दाविंची रिझॉल्व्हनंही मजकूर उतरवून द्यायला सुरुवात केली. त्याआधी, सप्टेंबर 2022 मध्ये, ओपनएआयनं व्हिस्पर नावाचं मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं होतं. त्याला 6 लाख 80 हजार तासांचा आवाज ऐकवून शिकवलंय आणि त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. मी हिशोब केला. रात्रंदिवस धरून हे सत्त्याहत्तर वर्षांच्या वर जातं, म्हणजे आबाजींच्या वयाइतकं. फरक एवढाच, की आबाजींनी ही वर्षं ऐकण्यापेक्षा बोलण्यात घालवली.

माझ्या कॉम्प्युटरवर यांपैकी कोणतं सॉफ्टवेअर आहे ते सांगत नाही. आबाजींनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला आहे, उगीच कुणाची बदनामी नको.

ओसरीवर कॅमेरा लावला, कॉलरला माईक अडकवला. आबाजी खाकरले. "मी इंझोरीचा कास्तकार. बारा वर्साचा असताना तिफन धरली. मले तवा काई समजत नव्हतं." वाक्यं स्वच्छ, आवाज खणखणीत. घरी येऊन बटण दाबलं. पडद्यावर सुबक अक्षरं उमटली: "मी इंजुरीचा कलाकार. बारा वर्षांचा असताना टिफिन धरला. मुले तेव्हा काही समजत नव्हती."

यात यंत्राची लबाडी नाही. ते एकेक शब्द आपल्यासारखं ओळखून लिहीत नाही. आवाजाच्या लहरी बघतं आणि आजवर जे ऐकलंय त्यावरून इथं काय असण्याचा संभव जास्त, याचा अंदाज बांधतं. टिफिन त्यानं रोज ऐकलेला असणार. विठ्ठल वाघांच्या कवितेनं पेरणीची तिफन पुण्यामुंबईपर्यंत नेली, पण ती यंत्राच्या कानापर्यंत काही पोचलेली दिसत नाही. त्यामुळे आबाजींनी तीन दात्यांच्या लाकडी टिफिननं मृगात पेरणी केली आणि पऱ्हाटीच्या जागी शेतात पराठे उगवले. 'मले'चं तर प्रत्येक ठिकाणी 'मुले' झालं. आबाजींना अपत्यं दोनच, पण त्या मजकुरात पानोपानी मुलं पावसात भिजत होती, मुलांना सावकाराचं देणं होतं आणि 1972 च्या दुष्काळात मुलं खडी फोडत होती.

खरी मजा मात्र आबाजी गप्प बसल्यावर आली. अवघड प्रश्न विचारला की ते आधी चंची काढतात, मग तंबाखू मळतात, चुना लावतात, दोनदा थापटतात, आणि मग 'हां' म्हणतात. आमच्याकडे ही थाप म्हणजेच अर्धं उत्तर समजलं जातं. यंत्राला शांतता सोसत नाही. इंटरनेटवरच्या आवाजांवर वाढलेली ही जात, मध्येच कुणी बोललं नाही तर आपल्या मनानं काहीतरी भरून टाकण्याची खोड तिला आहे. "जमीन भावाले काहून दिली?" या माझ्या प्रश्नावर आबाजी तंबाखू मळत होते आणि खाली अक्षरं आली: "व्हिडिओ आवडल्यास चॅनलला सबस्क्राइब करा."

अडखळण्याचे शब्द आणि मोकळ्या जागा हुडकून एका फटक्यात उडवण्याचीही सोय असते. तीही वापरून पाहिली. 'बाप्पा', 'म्हंजे', 'तं मंग', 'काय म्हन्तो मी' सगळं गेलं. उरलेले आबाजी जिल्हाधिकारी कार्यालयाचं निवेदन वाचून दाखवत असल्यासारखे वाटले. मुलाखत निम्म्याहून कमी झाली आणि तिच्यात ऐकण्यासारखं काहीच राहिलं नाही. पूर्ववत केलं.

शिवाय यंत्र बोलणाऱ्यांना नंबर देतं. वक्ता 1 आबाजी, वक्ता 2 मी. वक्ता 3 म्हणजे स्वयंपाकघरातून दुरुस्त्या सांगणाऱ्या आजी. वक्ता 4 बंजारा तांड्यावरचे काकाजी, ते मध्येच गोरमाटीत बोलले. त्यांचं बोलणं यंत्रानं कसल्याशा हिंदीत उतरवलं. वक्ता 5 ही बकरी निघाली. तिचं एकटीचं मात्र अचूक आलं होतं.

या कामात आमचं वऱ्हाड फार जुनं आहे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र हे असंच, बोलणं अक्षरांत उतरवण्याचं काम. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटानं इथूनच पुढे, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, चक्रधरस्वामींचं बोलणं ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. पुढे मूळ पोथी धाडीत हरवली, ती आठवून पुन्हा लिहावी लागली आणि तिचे वेगवेगळे पाठ झाले. अमुक असं सांगतो, तमुक तसं, हे त्या परंपरेनं लपवलं नाही, जपून ठेवलं. माझं यंत्र 'टिफिन' लिहिताना कुणाला विचारत नाही की कुठं शंकेचं चिन्ह टाकत नाही. हा ठामपणा मी आजवर फक्त वरपक्षाच्या मामांमध्ये पाहिला होता.

शेवटी मी यंत्राचा मजकूर कच्चा खर्डा म्हणून ठेवला आणि कॉम्प्युटर घेऊन ओसरीवर गेलो. एकेक ओळ वाजवायची, विचारायचं, दुरुस्त करायची. टिफिनवर आलो तेव्हा मी तो पुसून 'तिफन' लिहायला लागलो, तोच दारातून आजी म्हणाल्या, "राहू दे, राजा. बरोबर लिवलं त्यानं."

"काय बरोबर लिवलं?" आबाजी म्हणाले.

"यायनं जिंदगीत कवा तिफन धरली? तिफन भाऊजी हाकत. सरत्यावर बी म्या सोडलं. हे डबा घिऊन बांधावर बसत."

आबाजींनी चंची काढली. तंबाखू मळला, चुना लावला, दोनदा थापटला. मी यंत्राकडे पाहिलं, पण त्या वेळी रेकॉर्डिंग चालू नव्हतं.

"भाऊले जमीन काहून दिली ते इचारत होता नं तू?" आजी मला म्हणाल्या. "हेच कारन."

आता त्या जागी दोन ओळी आहेत. वर आबाजींचा पाठ, तिफन. खाली आजींचा पाठ, टिफिन. नातवाला फाईल पाठवली आहे. त्याचा निरोप आला: छान झालंय, फक्त आज्जीची ओळ जरा मोठ्या अक्षरात करा, असं आईचं म्हणणं आहे.